आळंदीला नेलेला निरोप

आमच्या कुरुळीपासून आळंदी फार तर दहा-बारा किलोमीटर. लहानपणी दरवर्षी कार्तिकीला आजोबांचे बोट धरून मी तिथे गेले आहे. पण आळंदी पाहिली असे काही म्हणता यायचे नाही. पाहिल्या त्या पाठी. पुढच्या माणसाची पाठ, पाठीवरचे बोचके, बोचक्यात खोचलेली पताका आणि वर थोडेसे आभाळ. गेल्या मार्गशीर्षात एका रविवारी मी एकटी आळंदीला गेले, तेव्हा ते गाव मला पहिल्यांदा दिसले. आणि गेले तीही दर्शनाला नव्हे, एक निरोप पोचवायला.

निरोप नानांचा होता. नाना म्हणजे माझे वडील. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे सुटे भाग दाबून काढणारी पुष्कळ छोटी वर्कशॉपे आहेत, त्यांतल्या एकात ते कंत्राटावर होते. गेल्या श्रावणात प्रेसखाली त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. दवाखान्याचा खर्च झाला, दीड महिना घरी बसणे झाले, मग 'हलके काम' म्हणून त्यांना खोकी बांधायला ठेवले. हलक्या कामाचा पगारही हलका. दिवाळीनंतर ठेकेदार घरी आला. चहा घेता घेता म्हणाला, "तुमचं पोरगं अठराचं झालं ना? पाठवा की. तुमच्या जागेवर घेतो." हे त्याने उपकार म्हणूनच सांगितले आणि आमच्या घरात ते तसेच ऐकले गेले.

पोरगे म्हणजे माझा पाठोपाठचा भाऊ. तो तीन वर्षांपासून आळंदीला एका वारकरी शिक्षण संस्थेत आहे. नाना मला म्हणाले, "तू कॉलेजात जातीस. तुला बोलता येतं. त्याला नीट समजव." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे रेशनकार्डावरचे नाव दुरुस्त करण्यापासून भावाचे मन वळवण्यापर्यंत सगळी बोलण्याची कामे माझ्याकडे येतात.

योगायोग असा की त्याच आठवड्यात समाजशास्त्राच्या तासाला सरांनी आमिश लोकांची गोष्ट सांगितली होती. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया राज्यात लँकेस्टर नावाचा जिल्हा आहे. अठराव्या शतकात युरोपातून तिथे आलेले हे ख्रिस्ती शेतकरी आजही घोडागाडीतून फिरतात, साधे एकरंगी कपडे घालतात, घरात विजेच्या तारा घेत नाहीत. पुरुष दाढी राखतात, मिशी राखत नाहीत. यावर वर्गात जे हसू व्हायचे ते झाले. पण सर पुढे म्हणाले की हे लोक नव्या वस्तूंना आंधळेपणाने नाकारत नाहीत. एखादी वस्तू आली की सगळे मिळून विचार करतात, ही घेतली तर आपल्या माणसांचे काय होईल? म्हणून टेलिफोन घरात नको, पण शेताच्या कडेला एका खोपटात चालेल. तिथल्या छोट्या गावांत आता पर्यटकांची रीघ लागते. लोक गाड्या थांबवून घोडागाडीचे फोटो काढतात, गोधड्या विकत घेतात आणि किती छान, किती शांत, असे म्हणत परत जातात.

मग त्यांनी एका खटल्याची हकीकत सांगितली, ती माझ्या डोक्यातून जाईना. आमिश मुले आठवीनंतर शाळेत जात नाहीत. विस्कॉन्सिन राज्याचा कायदा मुलांना सोळा वर्षांपर्यंत शाळेत पाठवा म्हणत होता. काही आईबापांनी ऐकले नाही, त्यांना दंड झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1972 साली निकाल आईबापांच्या बाजूने लागला. पण डग्लस नावाच्या न्यायाधीशांनी वेगळे मत लिहिले. आईबापांचा धर्म झाला, सरकारचा कायदा झाला, पण ज्याची शाळा सुटणार त्या मुलाला कुणी विचारले का, असा त्यांचा सवाल होता. मी वहीत ते वाक्य लिहून घेतले आणि खाली, का कोण जाणे, भावाचे नाव लिहिले.

असो. रविवारी सकाळी निघाले. नाशिक रस्त्यावर कंटेनरची रांग सुटीच्या दिवशीही असते. आळंदी फाट्याला रिक्षा मिळाली. हमरस्ता सोडून आत वळले की पाच मिनिटांत जग बदलते असे लिहायचा मोह होतो, पण तसे होत नाही. गोदामे बराच वेळ सोबत करतात. मग मध्येच एखादे ज्वारीचे रान, मध्येच कांद्याची लागण चाललेली, वाफ्यात वाकलेल्या बायका, आणि पलीकडे 'प्लॉट विकणे आहे'. कांद्याचे रोप पाहिले की मला आजोबा आठवतात. चाकणची बाजारपेठ कांद्याची, आणि आजोबांनी जन्मभर कांदाच पिकवला. पण ते माळकरी होते. आषाढात कांदेनवमीला कांद्याची भजी खाऊन चार महिने कांदा बंद. दारात कांद्याची आरण आणि ताटात कांदा नाही. लहानपणी मला ते हास्यास्पद वाटे. सरांचा तास ऐकल्यापासून तितकेसे वाटत नाही.

आळंदी त्या दिवशी रिकामी होती. कार्तिकी होऊन पंधरा दिवस झाले होते. दुकानदार निवांत बसून तुळशीच्या माळा ओवत होते. एकाच्या दारात पखवाज उन्हाला ठेवले होते. टाळांच्या जोड्या दोरीला टांगलेल्या, बुक्क्याच्या ढिगाला निमुळता आकार दिलेला, अरुंद बोळ, जुन्या धर्मशाळा, कुठल्या कुठल्या जिल्ह्यांची नावे रंगवलेल्या कमानी. आणि सगळीकडे ही मुले. पांढरे धोतर, पांढरा नेहरू शर्ट, कपाळाला गोपीचंदन, त्यावर बुक्क्याचा ठिपका. कुणी किराणा आणतो आहे, कुणी तोंडाने बोल म्हणत मांडीवर बोटे आपटत चालला आहे. मध्येच मंगल कार्यालयांच्या पाट्या लागतात, कारण आळंदी जितकी विरक्तांची तितकीच झटपट लग्न लावून हवे असलेल्या जोडप्यांची. एका बोळात नवरा-नवरी मुंडावळ्या बांधून घाईघाईने चालली होती. समोरून येणारी चार धोतरवाली मुले भिंतीला चिकटून उभी राहिली आणि त्यांनी वाट दिली. दोन्हीकडचे सारख्याच वयाचे दिसले.

पुलावर एक मोठी गाडी थांबली होती. तिच्यातले लोक उतरून फोटो काढत होते. त्यांचे बघून मीही नदीकडे पाहिले. इंद्रायणीवर पांढरा फेस होता, काठापासून काठापर्यंत. दुरून पाहणाऱ्याला ढग उतरल्यासारखे वाटेल. ही नदी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगवते, देहूवरून, मग चिखली-मोशीच्या कडेने इथे येते आणि पुढे तुळापूरला भीमेला मिळते. वाटेत तिच्यात कारखान्यांचे पाणी मिसळते आणि वाढत्या वस्त्यांचे न शुद्ध केलेले सांडपाणीही मिसळते. म्हणजे आमच्या पट्ट्याचे पाप माउलींच्या पायाशी येऊन फेसाळते. घाटावर एक म्हातारी हाताने फेस बाजूला सारून ओंजळ भरत होती. मोठ्या गाडीतल्या बाई म्हणाल्या, "ब्यूटिफुल!" त्या फेसाला म्हणाल्या की म्हातारीला, ते कळले नाही.

संस्थेत अकराशिवाय भेटता येत नव्हते, म्हणून देवळात गेले. महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे. एकोणिसाव्या शतकात ज्यांनी माउलींच्या पालखीला आजची दिंड्यांची शिस्त लावली ते हे हैबतबाबा. पायरीला हात लावला. समाधीजवळ गर्दी नव्हती, पुजाऱ्याने ढकललेही नाही. पाटीवर वाचून पाठ झालेली गोष्टच पुन्हा नव्याने ध्यानात आली की 1296 साली ज्ञानदेव समाधीला बसले तेव्हा एकवीस वर्षांचे होते. म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आणि माझ्या भावाहून तीन. अजानवृक्षाखाली दहा-बारा बाया-माणसे ज्ञानेश्वरीच्या पोथ्या उघडून बसली होती. एक बाई बोटाने ओळ लावून वाचत होती. आपल्या आईलाही अक्षर असते तर ती अशीच बसली असती, असे मनात आले.

तिथे बसले असताना मला मुक्ताई आठवली. दार लावून आत बसलेल्या भावाला तिने ताटीच्या अभंगांनी बाहेर आणले. मीही दार उघडायलाच आले होते. फक्त तिने भावाला ज्या जगाकडे बोलावले त्यात प्रेसचे मशीन नव्हते.

आळंदीत या शिक्षणाची मोठी परंपरा आहे. 1917 साली विष्णुबुवा जोग महाराजांनी इथे वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षे मुलांनी राहायचे, ज्ञानेश्वरी, गाथा, संस्कृत, गायन, मृदंग शिकायचा आणि पैसा द्यायचा नाही. त्यांचे शिष्य सोनोपंत दांडेकर तर पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य होते. कॉलेज आणि कीर्तन यांत भिंत आहे असे त्यांना वाटले नसावे. आता आळंदीत अशा लहानमोठ्या संस्था गल्लोगल्ली आहेत. त्या सगळ्याच चांगल्या नाहीत, आणि मुलांच्या हालाच्या बातम्या वर्तमानपत्रांतून येतात त्याही खोट्या नाहीत. माझा भाऊ जिथे आहे ती संस्था लहान आहे. पत्र्याचे छप्पर, शेणाने सारवलेला ओटा, चाळीसएक मुले, एक महाराज.

महाराजांनी मला ओट्यावर बसायला घोंगडे दिले. पहाटे काकडा, मग पाठांतर, दुपारी पंगत, संध्याकाळी हरिपाठ असा त्यांचा दिवस. मोबाईल आहे, पण तो महाराजांच्या खोलीत कपाटात. रविवारी दुपारी प्रत्येकाला दहा मिनिटे. मला शेताच्या कडेचे ते खोपटे आठवले आणि हसू आले. वारकऱ्यांचेही तसेच आहे म्हणायचे. कीर्तनाला ध्वनिक्षेपक चालतो, वारीत सामानाला ट्रक चालतो, कीर्तनकाराला मोटार चालते. पण माळ उतरत नाही आणि एकादशी मोडत नाही. आणि एखाद्या गोष्टीला नको म्हणायचे ठरवले तर तेही जमते. 2008 साली आमच्याच भागात, भामचंद्र डोंगराच्या परिसरात शिंदे-वासुलीला डाऊ केमिकल्सचे संशोधन केंद्र होणार होते. या डोंगरावर तुकोबांनी ध्यान केले अशी श्रद्धा आहे, आणि भोपाळचे स्मरण सगळ्यांना होते. गावकरी आणि वारकरी रस्त्यावर उतरले. शेवटी ते केंद्र तिथे झाले नाही. आजोबा टाळ घेऊन गेले होते, असे आई सांगते. मात्र बाकीचे शेकडो कारखाने आले, आणि त्यांतल्याच एकावर आमची चूल चालते. टाळ वाजवून सगळेच परतवता येत नाही आणि सगळेच परतवावे असे मलाही वाटत नाही. 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि मग एकामागून एक कारखाने आले, म्हणून तर या पट्ट्यात माझ्यासारख्या मुलींसाठी कॉलेजे निघाली.

आतून पखवाजाचा आवाज थांबला आणि भाऊ बाहेर आला. उंच झाला होता. हाताला कणीक लागली होती. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणकेचा गोळा थापतात, त्याशिवाय त्याला घुमारा येत नाही. हात धुवून तो माझ्या पाया पडला. इथे मोठ्यांच्या पाया पडण्याची रीत आहे, पण माझ्या पाया पडलेला मला सहन होईना. घरी असताना आम्ही एकमेकांचे केस ओढत होतो.

आम्ही घाटावर जाऊन बसलो. मी निरोप सांगितला. ठेकेदार काय म्हणाला, पगार किती, जेवण कॅन्टीनमध्ये, सगळे क्रमाने सांगितले. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत मला दुसरे बक्षीस मिळाले आहे. ते भाषण याहून बरे झाले होते.

तो पाण्याकडे बघत होता. मग त्याने विचारले, "नानांची कुठली बोटं गेली गं? उजव्याची ना?"

मी माझ्या हातावर दाखवले. अंगठ्याजवळचे आणि मधले.

तो काही बोलला नाही. त्याने आपला उजवा हात गुडघ्यावर ठेवला होता, तो उचलून मांडीखाली घेतला. बस्स, इतकेच.

थोड्या वेळाने मी त्याला जे तीन वर्षांत कधी विचारले नव्हते ते विचारले. "तुला इथं यायचं होतं का?"

"कुणी विचारलं होतं?" तो म्हणाला. रागाने नाही. "आजोबांनी सातव्या वर्षी माळ घातली. दहावीला मला बावन्न टक्के पडले, तुझी अकरावी चालू होती. दोघांची फी होणार नव्हती. इथं फी नव्हती. पहिल्या वर्षी दोन वेळा पळून फाट्यापर्यंत आलो होतो. एकदा तर कुरुळीची गाडी समोर उभी होती."

"मग?"

"घरी येऊन काय सांगणार? परत फिरलो. तेव्हा रडायचो. आता नाही. आता हात बसायला लागलाय, ताई. परवा एका सप्ताहात महाराजांनी मला साथीला बसवलं. कीर्तनकारानं मध्येच मान हलवली, माझ्याकडे बघून." हे सांगताना त्याचा चेहरा असा उजळला की मला पुढचे काही ऐकूच आले नाही. परीक्षेचा निकाल ऐकताना माझा तसा कधी झाला नाही.

दोघांची फी होणार नव्हती हे मला ठाऊक होते. दहावीनंतरच्या त्या मे महिन्यात घरात तेच बोलणे चाले आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचे सोंग घेत असे. मला वाटे, एक शब्द बोलले तर माझेच नाव निघेल. सर न्यायाधीश डग्लसांचे मत सांगत होते तेव्हा मला आईबाप आठवले होते. मी स्वतः आठवायला आळंदीचा घाट लागला.

उठताना तो म्हणाला, "नाना म्हणत असतील तर येतो मी. एक वर्ष राहिलंय, राहू दे. पण तू सांग. तुला बाहेरचं जास्त कळतं. येऊ का?"

प्रश्न सरळ होता. हो किंवा नाही. मी म्हणाले, "पंगतीची घंटा झाली, जा तू."

जाताना त्याने धोतराच्या कनवटीतून सातशे रुपये काढून दिले. सप्ताहात मिळालेली बिदागी. म्हणाला, नानांना दे, औषधाला. आणि मग एकदम लहानपणासारखा, "आणि तू येताना काहीच आणलं नाहीस गं खायला!"

परतताना रिक्षात मी उत्तराची जुळवाजुळव करत होते. 'येतो म्हणाला' हे खरे होते. त्याने तसे स्पष्ट म्हटले होते. आलेल्या माणसाने निरोपाचे उत्तर जसेच्या तसे द्यावे, एवढेच माझे काम. फाट्यावर उतरले तेव्हा दुसऱ्या पाळीच्या कंपनीच्या बसेस उभ्या होत्या. भावाच्या वयाची मुले निळ्या शर्टात चढत होती, काहींच्या कानात गाणी होती, एक जण वडापाव खात धावत होता. ती काही दुःखी दिसत नव्हती. हेही लिहिले पाहिजे.

घरी नाना दारातच बसले होते. म्हणाले, "काय म्हणाला?"

मी म्हणाले, "नाही म्हणाला. वर्ष पुरं करायचंय म्हणतो."

म्हणजे भावाला जे कुणी विचारले नाही म्हणून मी कळवळले होते, तेच मी केले. त्याच्या वतीने उत्तर देऊन टाकले. पुढे कधी त्याला पोटापाण्याचे अवघड झाले तर त्याचा दोष या एका वाक्याला जाईल. ठेकेदाराने ती जागा चार दिवसांत दुसऱ्या मुलाला दिली. मी जानेवारीपासून संध्याकाळी सहावी-सातवीच्या मुलांच्या शिकवण्या घेते, त्याने थोडी भर पडते. खरे काय घडले ते अजून नानांना सांगितलेले नाही. हा अंक घरी नेईन तेव्हा ते वाचतील. त्यांना सावकाश का होईना, वाचता येते.

त्या रात्री नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. सातशे रुपये त्यांनी मोजले नाहीत, देवापुढे ठेवले. भिंतीवर खुंटीला त्यांचा पखवाज आहे, गवसणी घातलेला. गावच्या भजनात ते वाजवायचे. श्रावणापासून तो काढलेला नाही. जेवताना डाव्या हाताने पाण्याचा तांब्या उचलून त्यांनी विचारले, "हात बसला का त्याचा?"

"बसला," मी म्हणाले. "सप्ताहात साथीला बसवला होता."

"हं." मग आईकडे बघून म्हणाले, "रोज ताजी कणीक लागती डाव्या अंगाला. तिथं चाळीस पोरं. कोण देत असेल एवढी?" आणि पुढच्या रविवारी आईने दोन किलो गहू दळून आणले.